कोयत्याची कंबर

तेलगाव हे चौकाचं गाव. माजलगाव, धारूर, परळी आणि वडवणीमार्गे बीड असे चारी बाजूंचे रस्ते इथे येऊन मिळतात, आणि लगतच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना उभा आहे. गळीत हंगाम लागला की चौकात उसाच्या गाड्यांची रांग हटत नाही. गंमत अशी, की ज्या दिवसांत कारखान्याच्या काट्यावर ऊस येऊ लागतो त्याच दिवसांत धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात निघालेल्या असतात. माणसं परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. म्हणजे कंबर मोडते परमुलखात, आणि उपचार शोधायचा तो इथे, हातात उरलेल्या पैशांत, पावसाळ्याच्या आत.

वेदना, शुश्रूषा आणि पुनर्वसन या तीन विषयांवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर बरंच आणि चांगलं संशोधन झालं. त्यातलं तेलगावच्या पंचक्रोशीला काय लागू पडतं, याचा हा आढावा.

आधी काम काय आहे ते पाहू. नवरा-बायको मिळून एक कोयता. साखर बुडख्याला जास्त उतरते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो; बुडखा वर राहिला की शेतकरीही ओरडतो आणि कारखान्याची चिटबॉय मंडळीही. त्यामुळे प्रत्येक घावाला कमरेत पूर्ण वाकणं आलं. मग पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, वाढ्यानंच मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर, खाली चुंबळ, आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर. सोलणं, बांधणं, वाहणं यातला मोठा वाटा बाईचा. रात्री-अपरात्री गाडी आली तर तेव्हा भरायची, आणि पहाटे उठून चूल पेटवायची तीही तिनंच.

अमेरिकेतल्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेनं ओझं उचलण्याचं एक सूत्र १९९१ मध्ये सुधारून ठरवलं. सगळं आदर्श असेल, म्हणजे वस्तू अंगालगत, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, पिळा न देता उचललेली, तर मर्यादा २३ किलो. परिस्थिती बिघडेल तसा हा आकडा कमी करत जायचा असतो. उसाच्या फडात यातली एकही अट पुरी होत नाही. ढेकळांची जमीन, दव पडलेलं पाचट, वर चढताना हलणारी फळी असं सगळं धरलं तर सूत्रातून निघणारं उत्तर मोळीच्या निम्म्यावरही टिकणार नाही.

आता संशोधन. कंबरदुखी हा जगात माणसाला सर्वाधिक वर्षं अधू ठेवणारा विकार आहे. लॅन्सेट समूहाच्या संधिवातविषयक नियतकालिकात २०२३ साली आलेल्या अंदाजानुसार २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल. एवढ्या मोठ्या दुखण्यावर आपण जे देत आलो त्यातलं किती चालतं, हे तपासायला शास्त्रज्ञांनी उशीर केला, पण केलं ते नीट केलं. २०१४ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी १,६०० हून अधिक रुग्णांवर पॅरासिटामॉल तपासलं. नियमित गोळी घेणारे १७ दिवसांत बरे झाले, लागेल तशी घेणारेही १७ दिवसांत, आणि नुसती खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातच ३४७ रुग्णांवर अफूवर्गीय औषध तपासलं. सहा आठवड्यांनंतर खोट्या गोळीपेक्षा वेदना तसूभरही कमी नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी आपली पहिली मार्गदर्शिका काढली. समजावून सांगणं, ठरवून दिलेला व्यायाम, काही प्रकारचे हस्तोपचार, मानसिक आधाराच्या पद्धती आणि दाह कमी करणाऱ्या गोळ्या यांना तिनं जागा दिली. कमरेचा पट्टा, वजन लावून ताणणं आणि अफूवर्गीय औषधं यांना सरसकट वापरू नका असं सांगितलं.

आणि आपल्याकडच्या कुठल्याही मेडिकल स्टोअरच्या दारात टांगलेलं काय असतं? पट्टा.

गोळ्यांचं प्रकरण मात्र वेगळं आणि जास्त काळजीचं आहे. डायक्लोफेनॅक काही बिनकामाचं औषध नाही. थोडे दिवस घेतलं तर दाह उतरतो, म्हणूनच मार्गदर्शिकेत त्या वर्गाला स्थान आहे. पण टोळीतलं घेणं थोड्या दिवसांचं नसतं. पाकिटातून कात्रीनं चार गोळ्या कापून कागदात गुंडाळून मिळतात, सोबत पित्ताची गोळी मिळालीच तर मिळते. काम सुरू करण्याआधी एक, रात्री झोपण्याआधी एक. त्यात उन्हाचं काम, आणि फडात आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका. शरीर कोरडं पडलेलं असताना या वर्गातलं औषध मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतं. याच डायक्लोफेनॅकनं मेलेल्या जनावरांच्या मांसातून जाऊन आपल्या देशातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन संपवली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. तरी मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराची जी साथ दिसली, तिच्या कारणांत उष्णता, कष्ट आणि पाण्याची कमतरता यांकडे सर्वाधिक बोट दाखवलं जातं, आणि वेदनाशामकांचा संशयही घेतला जातो.

निकाराग्वातल्या एका मोठ्या साखर कारखान्यानं यावर पाणी, विश्रांती आणि सावली असा कार्यक्रम राबवला. ठरलेल्या वेळी सक्तीची सुट्टी, फडात हलवता येणारे तंबू, क्षार घातलेलं पाणी. हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण घटलं. या संपूर्ण आढाव्यात तेलगावला सर्वांत जवळचा वाटलेला अभ्यास हा. कारण यात उपचार माणसावर झालेला नाही, कामाच्या वेळापत्रकावर झाला आहे.

बाकी संशोधन एवढं जवळचं वाटत नाही. २०२४ मध्ये गाजलेला ऑस्ट्रेलियातला चालण्याचा प्रयोग घ्या. कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टनं टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं. न चालणाऱ्यांना मध्यकाच्या हिशेबानं ११२ दिवसांत दुखणं परत आलं, चालणाऱ्यांना २०८ दिवसांनी. स्वस्त, साधा, देखणा अभ्यास. शहरातल्या बसून काम करणाऱ्याला डोळे झाकून सांगावा असा. पण जी बाई दिवसभर मोळ्या वाहते तिला दवाखान्यात कुणी "रोज अर्धा तास चालत जा" म्हटलं तर ती काय म्हणेल, हे बीड जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको. आधुनिक वेदनाशास्त्राचा गाभा असा, की जुनाट दुखण्यात शरीरातली इजा आणि जाणवणारी वेदना यांचा सांधा सुटलेला असतो. म्हणून न घाबरता हालचाल वाढवा. हे बहुतांशी खरं ठरलेलं आहे. पण ते ज्यांच्यावर तपासलं ते कमी हालचालीनं आखडलेले लोक होते. अति कामानं झिजलेल्या, आणि उद्याही तेच काम करावं लागणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न मोठ्या प्रयोगांत जवळजवळ विचारलाच गेलेला नाही. इजा इथे रोज ताजी होत असते. विश्रांती हे औषध मानलं तर त्याची किंमत खाडा. दोघांतलं एक बसलं तरी कोयता बसतो, मुकादम दंड लावतो, आणि हंगामाआधी घेतलेली उचल फिटायची राहते.

ज्या दुखण्याला विश्रांती मिळत नाही ते दुसऱ्या कुठल्यातरी दाराशी जातं. बीडमध्ये ते गर्भपिशवीच्या दाराशी गेलं.

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहातली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये देशभरातलं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती वेगळ्या, त्यामुळे भागाकार करून 'इतकी पट' असं म्हणणं शास्त्राला धरून नाही. तरीही फरक नजरेत न भरण्याइतका लहान नाही.

या प्रकरणावर लिहिताना सगळा रोख डॉक्टरांच्या लोभावर आणि खाड्याच्या धाकावर राहिला. दोन्ही होतंच. मला मात्र हे वेदनेच्या चुकलेल्या निदानाचं प्रकरणही वाटतं. बाई सांगते काय? कंबर दुखते, ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं. या तीन तक्रारींमागे जंतुसंसर्ग असू शकतो, रक्तक्षय असू शकतो, सुटलेलं अंग असू शकतं, आणि कमरेच्या स्नायूंवर पडलेला नुसता भारही असू शकतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं, की ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जगाला धक्का देणारा तो लेख होता. त्यातल्या बहुतेक आजारांवर औषधं होती. तीस वर्षांनी बीडमध्ये मात्र त्या सगळ्या तक्रारींना एकच उत्तर मिळालं, 'नाहीतर कॅन्सर होईल' या भीतीसकट.

पिशवी काढून कंबरदुखी थांबते का? शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. इथे एक संशोधन आठवतं, त्याचं नावच 'नर्सेस हेल्थ स्टडी'. १९७६ पासून अमेरिकेतल्या एक लाख एकवीस हजारांवर परिचारिकांनी स्वतःच्या आरोग्याची माहिती नियमानं भरून दिली. स्त्रियांच्या आरोग्याबद्दल आज जे पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या फॉर्मांतून आलं. त्यांपैकी गर्भाशय काढलेल्या २९,३८० जणींचा चोवीस वर्षांचा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे बीजकोशही काढले होते त्यांच्यात एकूण मृत्यू जास्त होते, हृदयविकारही जास्त. त्या परिचारिकांच्या शस्त्रक्रियांमागे बहुतेकदा काही वैद्यकीय कारण तरी असेल. तिशीत ऑपरेशन होऊन पुन्हा मोळी उचलायला गेलेल्या बाईचा चोवीस वर्षांचा हिशेब कुणाकडे आहे? बोभाट्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शिका लागू करायला सांगितली. पुढची ऑपरेशनं त्यानं कमी होतील. आधीच्या तेरा हजार जणींच्या हाडांचं, कमरेचं, घामाच्या लोटांचं काय करायचं याबद्दल कागद फारसं बोलत नाहीत.

इथे परिचारिकेचा विषय येतो. शुश्रूषेबद्दलचं सर्वांत वजनदार संशोधन अमेरिकेतल्या लिंडा एकेन यांचं. २०१४ मध्ये त्यांच्या चमूनं युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांमधल्या चार लाखांवर शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी तपासल्या. परिचारिकेवर एकेक रुग्ण वाढत गेला की महिन्याभरात रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यातून निघालं. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला एका सिस्टरकडे आख्खा वॉर्ड असतो, तिथे हे गणित करायला घेतलं तर कागद पुरायचा नाही. पण मला या विषयात रुग्णालयापेक्षा केरळ जास्त शिकवून जातं. तिथे दुर्धर आजाराच्या वेदनेची काळजी घरोघर जाणाऱ्या परिचारिकेच्या भोवती उभी राहिली, गावातले स्वयंसेवक तिच्यामागे, डॉक्टर गरजेपुरता. राज्यानं २००८ मध्ये तसं धोरणच केलं. महाराष्ट्रात मुंबईचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. ग्रामीण भागात मात्र कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिन मिळणं अजून नशिबाचा भाग आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातली कडक कलमं २०१४ मध्ये सैल झाली, तरी कपाटं उघडली नाहीत. एकीकडे नको तिथे गोळ्यांचा पाऊस आणि हवी तिथे गोळीच नाही, असा आपला कारभार.

कमरेच्या दुखण्यात परिचारिकेनं करण्यासारखं काय आहे? बरंच, आणि ते महाग नाही. धोक्याच्या खुणा विचारायच्या: पायातली ताकद गेली का, लघवी-संडासचं भान गेलं का, ताप, वजन घटणं, पडल्याचा मार. यातलं काही असेल तर ताबडतोब अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचं. नसेल तर एक्स-रेचा खर्च वाचवायचा. किती गोळ्या, किती दिवस, पाणी किती, हे विचारायचं. रक्तदाब आणि रक्त तपासायचं. पांढरं जात असेल तर औषध द्यायचं, भीती नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेनं मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज यांच्या साथीनं गावपातळीवर कंबर-पाठदुखीचं काम केलेलं आहे, म्हणजे अशा कामाचा मराठी मुलखातला पायंडा आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि परिहारक (पॅलिएटिव्ह) काळजी कागदावर समाविष्ट आहे. जागा आहे, पद आहे. प्रशिक्षणात कंबर नाही.

पुनर्वसनाबद्दल थोडक्यात. जगातल्या २४१ कोटी लोकांना कधी ना कधी पुनर्वसन सेवेचा उपयोग होईल असा २०१९ च्या आकडेवारीवरचा अंदाज आहे, म्हणजे दर तिघांत एक. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट शहरात, आणि त्यांनी नावाआधी डॉक्टर लावावं की नाही यावरचा वादही शहरातलाच. मग घरच्यांनाच शिकवलं तर? हा प्रयोग भारतात झाला आणि त्याचा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. १४ रुग्णालयांतले लकव्याचे १,२५० रुग्ण. निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम आणि काळजी शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. फसलेला प्रयोग म्हणून तो लोक विसरले. मला तो फार कामाचा वाटतो. माया आणि चार दिवसांचं शिक्षण यांच्या जोरावर कसबी हातांची जागा भरून निघत नाही, हे त्यानं पुराव्यानिशी सांगितलं. आणि त्या प्रयोगात निदान नातेवाईक घरी तरी होते. तेलगावच्या आसपासच्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर दिवाळीनंतर उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. लकवा झालेल्या आजोबांचा हात हलवायला जी सून असते ती सांगलीच्या फडात असते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांतून ऊसतोड कामगारांच्या सांधेदुखीवर छोटे अभ्यास येत असतात. शे-दीडशे कामगार, एकदाच भरलेली प्रश्नावली, आणि शेवटी 'कमरेचं दुखणं सर्वाधिक' हा निष्कर्ष. तो टोळीतल्या कुणीही सांगितला असता. काय केल्यानं ते कमी होतं, हे तपासणारा प्रयोग हवा आणि तो होत नाही, कारण माणसं हलती आहेत: हंगामात ज्या डॉक्टरच्या हद्दीत असतात त्याला ती पुन्हा दिसत नाहीत, आणि पावसाळ्यात ज्याला दिसतात त्यानं त्यांचं काम पाहिलेलं नसतं. बीडचा आरोग्य विभाग हल्ली हंगामाच्या आधी आणि नंतर तपासण्या घेतो, ही मोठी संधी आहे. बातम्यांत येतात ते आकडे गर्भपिशवीचे, रक्तक्षयाचे, गरोदरपणाचे. त्यात चारच प्रश्न वाढवता येतील: किती दिवस दुखलं, किती खाडे पडले, किती गोळ्या घेतल्या, उकिडवं बसून उठता येतं का. दोन-तीन साध्या गोष्टी टोळ्या वाटून तपासता येतील. काही टोळ्यांना मोळी वीस किलोची, काहींना नेहमीची. काही फडांवर ठरलेल्या वेळी सावली-पाण्याची सुट्टी, काहींवर नाही. कामाचा भार किती, हे मोजायला नवं यंत्र लागणार नाही. गाडीमागचे टन कारखान्याच्या काट्यावर पावतीसह नोंदलेले असतात. कोयत्यामागचे टन आणि खाडे मुकादमाच्या वहीत तारीखवार लिहिलेले असतात, कारण त्यावर पैसे कापायचे असतात. कामगाराच्या शरीरावर दररोज किती भार पडला याची इतकी काटेकोर नोंद ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांनाही मिळाली नसती. ती वही आरोग्य खात्यानं मागितली पाहिजे, आणि मुकादमानं दिली नाही तर कारखान्यानं करारात तशी अट घातली पाहिजे.